निळ्या बॅगेची चेन

मंगळवार, ४ तारीख

जावईबापू,

आधी आशीर्वाद घ्या, मग बसून वाचा. उभ्याने वाचू नका, पत्र लांबणार आहे. माझं असंच होतं, दोन ओळी लिहायला बसते आणि कागद पाठपोट भरतो.

एक सांगून टाकते. तुम्हाला पत्र लिहायचं नाही असं या घरात ठरलं आहे. ठरवलं तिनेच, तुमच्या बायकोने. मी हो म्हटलं. आता हो म्हटलं म्हणजे तसं वागलंच पाहिजे असं थोडंच आहे? शिवाय हे काही तसलं पत्र नाही. मला एका चेनबद्दल विचारायचं आहे. कामाचं पत्र आहे. कुणी विचारलंच तर तुम्हीही तसंच सांगा.

तर चेन. तुमची ती निळी बॅग, जिच्यात तुम्ही वेल्डिंगचं सामान न्यायचात, ती आमच्याकडे आली आहे. तुम्ही पुलाच्या कामावर गेलात आणि लेक राहायला इकडे आली, तेव्हा बाकी कपडे पिशव्यांत कोंबून आणले आणि ही बॅग मात्र रिकामीच खांद्याला लावून आणली. मला वाटलं, सवयीने आणली असेल. आता हॉस्पिटलला न्यायची बॅग भरायची वेळ आली, तर म्हणते हीच घ्यायची. अहो, मी नवी आणली होती! फुलाफुलांची, चाकं असलेली, आत बाटलीचा वेगळा कप्पा. आणि ही तुमची? राग मानू नका, पण तिला लोखंडाचा वास येतो, एका कोपऱ्याला ठिणगीने भोक पडलंय, पट्टा दोनदा शिवलेला, आणि चेन मध्येच अडकते. मी म्हटलं, "अगं, बाळंतिणीची बॅग आहे की भंगारवाल्याची?" तर म्हणते, "ही मोठी आहे." मी शिवणकाम करणारी बाई, माझ्या गळ्यात टेप चोवीस तास. दोन्ही मोजल्या. नवी चांगली चार बोटं मोठी निघाली. तसं दाखवलं, तर म्हणाली, "आई, सगळंच टेपने मोजू नकोस."

आता यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

हॉस्पिटलवाल्यांनी एक गुलाबी कागद दिलाय, काय काय आणायचं त्याचा. मी चौथीपर्यंतची, पण छापील अक्षर मला वाचता येतं, घाई केली नाही तर. सैल गाऊन, पुढून बटणं असलेले. आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. मी हिच्या वेळेला कमरेला एक रुमाल खोचला आणि निघाले. हे तेव्हा बस घेऊन बाहेरगावी होते, परत आले तेव्हा ही पाळण्यात. ह्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "एवढी बारीक? ही तर सुतळी आहे." तेव्हापासून ती सुतळी. आता तुमची सुतळी दारातून आडवी निघते, पण नाव बदलत नाही.

हां, तर बॅग. मी सकाळी भरते, ती दुपारी उपसते. मी वर ठेवलेली झबली ती खाली घालते, खालची टोपडी वर काढते. मी चार मोजे ठेवले तर दोन काढले. का? "गरम होईल." संध्याकाळी परत ठेवले. का? "थंडी वाजेल." मी काय समजायचं? आणि एवढं सगळं झालं की चेन ओढायला बसते. मध्यावर येऊन चेन थांबते. मग ती तिथेच हात ठेवून बसून राहते.

मी ओढायला गेले तर म्हणते, "जोर लावू नकोस, तुटेल." तुटू दे ना! नवी पडलीच आहे कपाटावर.

डॉक्टर काय म्हणाले ते मी तुम्हाला सांगणार नाही, कारण सांगायचं नाही असं ठरलंय. बाळाचं वजन छान आहे आणि डोकं खाली आलंय, हेही मी सांगितलेलं नाही. महिनाअखेर म्हणतात, तेही नाही.

तुमच्या भांडणात मी पडत नाही. तुम्ही तिला न विचारता पुढच्या सहा महिन्यांच्या कामाच्या कागदावर सही केलीत आणि घरी येऊन मग सांगितलंत, हे मला माहीत आहे. ती म्हणाली, "मग तिकडेच राहा, बाळ झालं तरी येऊ नकोस," आणि तुमच्या तोंडावर दार लावलं, हेही माहीत आहे. तुमचा नंबर तिने फोनमध्ये बंद करून ठेवलाय, तेही. माझी पंचाईत अशी की मला दोघांचंही पटतं. तिच्याशी बोलत असले की वाटतं, जावयाचं चुकलंच. आणि एकटी भांडी घासत असले की वाटतं, अगं, एवढं ताणायचं का? म्हणून मी हल्ली भांडी घासताना तिला समोर बसवते, म्हणजे एकाच बाजूला राहता येतं.

तर चेनचं काय करायचं ते कळवा. बाकी काही कळवायचं असेल तर तेही चालेल.

तुमची सासू


गुरुवार, १३ तारीख

जावईबापू,

तुमचं पत्र मिळालं. इतक्या लवकर मिळेल असं वाटलं नव्हतं. तुमच्या तिथे टपालाची गाडी अधूनमधूनच येते म्हणता, मग तुम्ही गाडीच्या पुढे धावत गेलात की काय?

आणि अहो, केवढंसं ते पत्र! मी पाठपोट लिहिलं आणि तुम्ही पोस्टाच्या तिकिटाएवढं. पण कामाचं लिहिलंत. "चेनच्या दातांवर मेणबत्ती घासावी. दोन्ही बाजू सरळ धरून हळू ओढावी. रनर सैल असेल तर पक्कडीने दाबावा लागतो, ते नवख्याने करू नये, मी असतो तर केले असते." हे मी मोठ्याने वाचलं. मुद्दाम नाही हो. मला मनातल्या मनात वाचता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

सुतळी स्वयंपाकघरात केळं खात होती. मला वाटलं, आता भडकणार. पत्र लिहिलं म्हणून मला चार शब्द ऐकायला लागणार. मी तयारीच केली होती, "कामाचं पत्र आहे" असं म्हणायची. तर ती म्हणाली, "हळू ओढावी म्हणे. हळू! हा माणूस दार उघडतो तेव्हा बिजागऱ्या हलतात." आणि केळ्याची साल एवढ्या जोरात टाकली की डबा आडवा झाला. मग बाहेर निघून गेली.

पण दुपारी देव्हाऱ्यातली नव्हे हो, दिवे जातात तेव्हा लावतो ती मेणबत्ती शोधत होते, तर अर्धी झिजलेली. आणि बॅगेची चेन पार टोकापर्यंत लागलेली. मी विचारलं, "कुणी केलं?" म्हणते, "आपोआप लागली." चेन आपोआप लागली आणि मेणबत्ती आपोआप झिजली. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला होता आणि पेपर हलत होता. हसले की ह्यांचं पोट हलतं, पोट हललं की पेपर हलतो.

ह्यांचं एक सांगायचं राहिलं. जन्मभर ज्या रस्त्याने बस चालवली, त्याच रस्त्यावर ते हॉस्पिटल आहे. तरी रोज सकाळी फिरायला म्हणून निघतात आणि हॉस्पिटलच्या फाटकाला हात लावून येतात. "रस्ता पाठ असावा," म्हणतात. कोपऱ्यावरच्या टॅक्सीवाल्यालाही पढवून ठेवलंय, कुठे खड्डा आहे, कुठे गाडी हळू घ्यायची. तो बिचारा परवा मला म्हणाला, "काकू, काकांना सांगा, मलाही थोडं येतं चालवायला."

आता तुमच्या पत्राची खालची ओळ. ती मी मोठ्याने वाचायच्या आधी थोडी थांबले होते, पण तोंड काही थांबलं नाही. "साहेब रजा देतात. तिने एकदा ये म्हटले तर निघतो. ती म्हणाली नाही तर येणार नाही. एकदा दार लागलेले पाहिले आहे."

जावईबापू, तेव्हा ती दारात होती. बाहेर जाऊन परत आली होती, चप्पल विसरली म्हणून. तिने ऐकलं.

मी म्हटलं, "बघ, एक शब्द. एकच तर शब्द आहे."

ती म्हणाली, "मी येऊ नको म्हटलं, ते कसं त्याला पहिल्या झटक्यात ऐकू आलं? तेव्हा बरा कान शाबूत होता."

"अगं, पण तू तसं म्हणालीस म्हणून तो..."

"म्हटलं म्हणून जायचं असतं का, आई?"

आता हे बघा. आमच्या काळी ये म्हटलं की यायचं आणि जा म्हटलं की जायचं. म्हणजे, हे कधी जा म्हटल्यावर गेले नाहीत, उलट तिथेच बसून चहा मागायचे, हे खरं आहे. पण मी कधी त्याचा विचार केला नव्हता. तिने विचारल्यावर मी मशीनवर बसून बराच वेळ रिकामीच चाकं फिरवत होते, खाली कापड घालायचं राहिलं.

तुम्ही म्हणता, तिने म्हणायला हवं. ती म्हणते, म्हणायला का लागावं. दोघांचंही मला पटतं. हे मी आधी लिहिलंय का? लिहिलं असेल तर दोनदा वाचा.

खडूचं विसरले. बॅगेच्या आतल्या कप्प्यात तुमचा तो लोखंडावर खुणा करायचा पांढरा खडू सापडलाय. मी टाकायला निघाले तर तिने हातातून घेतला आणि आपल्या कंगव्याच्या डबीत ठेवला. हॉस्पिटलमध्ये खडू कशाला लागतो? गुलाबी कागदावर नाही तो. मी परत वाचून पाहिला.

तुमची सासू


शनिवार, २२ तारीख, दुपार

जावईबापू,

आज मी फार खुशीत आहे. तुमचं दुसरं पत्रही आलं, त्यात आतल्या खडूने बाळाला काही होऊ नये म्हणून तो टाकून द्या असं लिहिलंय. म्हणजे तुम्हालाही खडू आठवला तर! मी तिला सांगितलं. टाकला नाहीच. असो.

खुशीचं कारण वेगळं. ह्यांच्याबरोबर ती सकाळीच तपासणीला गेली आहे आणि घर माझ्या एकटीच्या ताब्यात आहे. मी म्हटलं, आता बॅग एकदाची मी माझ्या पद्धतीने लावते. सगळं बाहेर काढलं. अगदी तळाशी, पुठ्ठ्याच्या खाली, एक प्लॅस्टिकची पिशवी, गाठ मारलेली. उघडली तर तुमचा एक जुना कामाचा शर्ट! बॅगेत कधीचा राहून गेला असणार, कुणाच्या लक्षातच नाही. राखाडी रंगाचा, आणि छातीवर, बाह्यांवर ठिणग्यांची एवढी भोकं की चहा गाळून घ्यावा. वासही येत होता, घामाचा, धुराचा. पण कापड, जावईबापू! मी कापडातली बाई आहे. धुऊन धुऊन असं मऊ झालं होतं की गालाला लावावंसं वाटावं. आणि बाळाच्या लंगोटाला याच्यासारखं दुसरं काही नाही. नवं कापड टोचतं. दुकानातले ते फुगीर लंगोट काय करायचे? पोराला उकडतं.

मी तो साबण घालून चांगला उकळला, उन्हात वाळवला आणि कापला. पाठीचा भाग सरळ निघाला, तिथे मोठे लंगोट. पुढच्या भागाचे लहान. बाह्या उसवून त्यांच्या पट्ट्या केल्या, त्या बांधायला. एक खिसा मात्र असा घट्ट शिवलेला की उसवेना, तो तुकडा तसाच बाजूला ठेवला. बटणं बटणांच्या डब्यात. भोकांचं मी म्हटलं, हवा खेळती राहील! स्वतःशीच हसले. आता कडा मारून घेते आणि ती यायच्या आत बॅगेत रचून ठेवते. तिला खूप आवडेल. बापाच्या शर्टाचा लंगोट, म्हणजे तुम्ही इथे नसून असल्यासारखंच की नाही? हे मला आत्ता लिहिता लिहिता सुचलं. तिला सांगायला हवं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

वरचं खोडायचं होतं, पण कागद वाया जाईल म्हणून तसंच ठेवते.

ती आली. मी म्हटलं, "बॅग उघडून बघ, काय गंमत केलीय." ती हसतच बसली खाली. मग लंगोट हातात घेतला. मला वाटलं, ओळखला नाही. मी म्हटलं, "अगं, तो बॅगेच्या तळाशी राहिलेला शर्ट, त्याच्या..."

तिने लंगोट नाकाशी नेला. मग दुसरा नेला. मग तिसरा. म्हणाली, "धुतलास."

मी म्हटलं, "न धुता कसं चालेल? बाळाला लागायचंय."

"बरोबर आहे," म्हणाली.

मग लंगोट मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "बाह्या कुठायत?"

मी पट्ट्या दाखवल्या. तिने त्या एकीपुढे एक अशा मांडून ठेवल्या जमिनीवर. कुठली कुठे लागायची ते बघत होती. मला म्हणाली, "हे भोक डाव्या बाहीवरचं आहे. आमच्या दाराची जाळी केली तेव्हाचं. मी मागे उभी होते आणि त्याला म्हटलं, तिकडे बघू नको, माझ्याकडे बघ, आणि त्याने बघितलं." मग परत म्हणाली, "आणि त्याने बघितलं."

ओरडली असती तर बरं झालं असतं, जावईबापू. ओरडणं मला समजतं. त्यावर मी पण ओरडते आणि मग आम्ही चहा करतो. ती ओरडली नाही. तुकडे पदरात घेतात तसे पोटावर घेऊन भिंतीला टेकून बसली. मी पाणी दिलं. प्यायली.

ह्यांनी मला आत ओढलं. "अगं, तो शर्ट ती रोज दुपारी उशाला घेऊन झोपते. उठली की परत पिशवीत बांधून ठेवते, वास जाऊ नये म्हणून."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुला माहितीये. तूच तर रोज बॅग उपसतेस."

मी रोज उपसते ते वरचं वरचं, पुठ्ठ्याखाली कोण बघतं? आणि ती रोज दुपारी बॅग उपसायची ती मोज्यांसाठी नव्हे तर! माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मी मोजे मोजत बसले.

आता माझं डोकं चालेनासं झालंय. ज्याचं तोंड बघायचं नाही म्हणते, त्याचा घामट शर्ट उशाशी घेते. ज्याला येऊ नको म्हणते, त्याची फाटकी बॅग माझ्या नव्या बॅगेपेक्षा मोठी म्हणते. ज्याचं पत्र ऐकून डबा उलटा करते, त्याने सांगितलेली मेणबत्ती लपून घासते. हे कुठलं गणित? मी चौथीपर्यंतच शिकले, पण हे पाचवीतही शिकवत नसावेत.

मी कापलं ते कापलं. माझ्या हातून आजवर कापड चुकीचं कापलं गेलं नव्हतं असं मी सगळ्यांना सांगत आले. तुकडे जोडता येतात, पण त्यांचा शर्ट होत नाही. आणि झाला तरी वास कुठून आणू?

हे तुम्हाला सांगायचं की नाही, मला कळत नाही. तिने सांगू नको म्हटलेलं नाही. म्हणजे तिला सुचलंच नसेल. मी लिहून मोकळी होते. तुम्ही रागावलात तर माझ्यावर रागवा, शर्ट तुमचाच होता.

तुमची सासू


गुरुवार, २७ तारीख

जावईबापू,

ह्यांनी तुमच्या कामाच्या ऑफिसात फोन करून तिथल्या कारकुनाला निरोप दिलाच आहे. मुलगी झाली, दोघी ठीक. कारकून म्हणाला, लिहून घेतलं. पण सगळं काही कारकुनाला सांगता येत नाही, म्हणून मी इथे वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. सिस्टरने पुठ्ठा दिलाय खाली धरायला. चांगली मुलगी आहे, फक्त मला सारखं "आजी, आवाज हळू" म्हणते.

मुलगी, जावईबापू! काय सांगू! कान तुमचे. अगदी तुमचे, बाहेर आलेले. मी म्हटलं, केसांनी झाकतील. सुतळी म्हणाली, "काही झाकायचं नाही." आणि आवाज? तिच्या आईच्या वर. पहिल्यांदा रडली तेव्हा हे जिन्यात होते, तिथून धावत आले आणि दारातच दुसऱ्याच एका बाईच्या पोराला "आलीस का गं माझी राणी" म्हणाले. तो मुलगा होता.

पण आधीचं सांगते. तुकड्यांचं. दुसऱ्या दिवशी ती उठून माझ्या मशीनपाशी येऊन बसली. तुकडे घेऊन. मी म्हटलं, "लंगोट नाही करत. दुपटं करू का? सगळे जोडून? एकही तुकडा टाकत नाही." ती म्हणाली, "खिसा ठेव." बस, एवढंच. मग मी जोडत गेले आणि ती शेजारी बसून हातात एकेक देत गेली. डावी बाही कुठली, उजवी कुठली, पाठ कुठली. मी लावलं ते तिने दोनदा उसवायला लावलं. बटणंही डब्यातून शोधून काढली आणि एका कडेला लावायला सांगितली. दुपट्याला बटणं! मी काही विचारलं नाही. मी आता विचारत नाही. शिवते.

खाली माझं एक पांढरं अस्तर लावलं, बाळाला टोचू नये म्हणून. उजेडासमोर धरलं की भोकांतून बारीक बारीक ठिपके दिसतात. ती ते धरून बघत होती खिडकीशी. आणि तिथेच तिने कठडा धरला आणि म्हणाली, "आई, पाठीत काहीतरी होतंय."

मग जे व्हायचं ते सगळं झालं. ह्यांना रस्ता पाठ होता, पण चप्पल सापडेना. टॅक्सीवाला आला, तर हे पुढे बसून त्याला सांगायला लागले, "हळू, पुढे खड्डा." तो म्हणाला, "काका, खड्डा मागच्या आठवड्यातच बुजवला." आणि मी मागे, एका हाताने हिला धरलंय, दुसऱ्या हाताने बॅग. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मी घाई केली. घाईत बॅग पट्ट्याने न धरता चेनने उचलली. जावईबापू, ती चेन फाटली. रनर उडून कुठेतरी गेला, तो ह्यांनी नंतर पायऱ्यांवर बसून शोधला, सापडला. पण तेव्हा? झबली, टोपडी, मोजे, सैल गाऊन, कंगव्याची डबी, सगळं पायऱ्यांवर. डबी उघडून तुमचा खडू घरंगळत फाटकापर्यंत गेला. आणि ही, कळा येत असताना, काय म्हणाली असेल? "आई, खडू!" लोक धावले डॉक्टर बोलवायला, आणि मी धावले खडूमागे.

आणला मी तो. तिला दाखवला तेव्हा कुठे आत गेली.

आत बराच वेळ लागला. मला आत घेतलं नाही. मी बाकावर बसून गुलाबी कागद वाचत होते, पुन्हा पुन्हा, त्यात कुठे लिहिलंय का की बाहेर बसणाऱ्याने काय करायचं. नव्हतं. मग सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, बाळाला गुंडाळायला द्या काहीतरी." मी सगळी नवी मऊ दुपटी वर रचली होती, पायऱ्यांवर पडली म्हणून मी ती द्यायला कचरले. ते तुकड्यांचं एकच माझ्या खांद्यावर होतं, टॅक्सीत बसल्यापासून. ते दिलं. सिस्टरने उलटंपालटं केलं. "दुपट्याला खिसा? पगार ठेवायचाय का तिला?" मी म्हटलं, "तिच्या बापाचा आहे." ती म्हणाली, "मग बरोबर आहे," आणि घेऊन गेली. तिला काय समजलं कोण जाणे.

आता पोरगी त्यातच झोपली आहे. मूठ खिशाच्या कडेला धरलेली. मी सोडवायला गेले तर सुतळीने माझ्या हातावर चापट मारली.

तर आता मुद्द्याचं. सुतळी थकली आहे, डोळे मिटून पडली होती. मी बॅग आवरत होते. चेन नाही, तर बॅग कशी आ वासून पडलीये. मी म्हटलं, "ही आता टाकू का? नाही तर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे देते, तो संध्याकाळपर्यंत करून देईल."

ती म्हणाली, "नको. ज्याची आहे तो येऊन करेल."

मी म्हटलं, "काय म्हणालीस?"

"चेन. चेनबद्दल बोलतेय मी."

"हो का."

"आणि लवकर करायला सांग. आपल्याला घरी जायचंय, बॅग उघडी कशी नेणार?"

"मी सांगू?"

तिने डोळे उघडले नाहीत. "पत्रं काय, मी लिहिते का त्याला?"

जावईबापू, तुम्ही म्हणाला होतात, तिने ये म्हटलं पाहिजे. आता यात "ये" आलं की नाही, ते मला अडाणी बाईला सांगता येणार नाही. तुम्ही परत वाचून बघा. मी ह्यांना विचारलं, हे म्हणाले, आलं. सिस्टरला विचारलं, ती म्हणाली, आजी, आवाज हळू, पण आलं. मला मात्र ती चेनबद्दलच बोलत असावी असं अजूनही वाटतं, कारण मागच्या वेळी मी जे समजले ते सगळं उलटं निघालं होतं. म्हणून मी तुम्हाला या म्हणत नाही. मी फक्त चेनचं कळवते. रनर सैल होऊन निघालाय, नवख्याने हात लावू नये असं तुम्हीच लिहिलं होतंत, आणि आमच्यात सगळे नवखे आहेत.

आणि येताना पक्कड घेऊन या. हे मघापासून म्हणतायत, "अगं, घरात आहे की पक्कड." होती. दुपारी डबा आणायला घरी गेले तेव्हा मी ती मशीनच्या खणात, अस्तरांच्या खाली ठेवली आहे, ह्यांना सापडणार नाही.

तुमची सासू, आणि आता आजीही